प्रिंटर चालू आहे, मग ‘ऑफलाइन’ का दाखवतोय?

गेल्या सप्टेंबरात आमच्या नेरूळच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका रात्री साडेआठला दारात उभे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची होती, तिच्या नोटिशीच्या साठ प्रती काढायच्या होत्या, आणि दुपारी लाइट जाऊन आल्यापासून लॅपटॉप ‘प्रिंटर ऑफलाइन’ याच्यापुढे काही बोलायला तयार नव्हता. तोवर काकांनी ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम, दोनदा काढून पुन्हा टाकला होता, प्रिंटर चारदा बंद-चालू केला होता. मी गेलो तेव्हा प्रिंटरवरचा वायफायचा निळा दिवा स्थिर होता. म्हणजे प्रिंटर घरच्या नेटवर्कला नीट जोडलेला होता. त्याच्या मेन्यूतून नेटवर्कचं पान छापलं. त्यावर प्रिंटरचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता होता १९२.१६८.१.७. लॅपटॉप मात्र सगळी कामं १९२.१६८.१.४ कडे पाठवत होता. राउटरच्या यादीत पाहिलं, तर ४ नंबर आता नातवाच्या टॅबकडे गेलेला. सभेच्या नोटिसा टॅबच्या दारावर जाऊन उभ्या राहत होत्या आणि तिथून उत्तर येत नव्हतं. लॅपटॉपमधला एक आकडा बदलला आणि कागद बाहेर यायला लागले.

मी ऐरोलीतल्या एका ऑफिसात नेटवर्कचं काम पाहतो, त्यामुळे शेजारीपाजारी, नातेवाईक यांचे असे फोन येतच असतात. बघितलेल्या घरांवरून सांगतो, ‘ऑफलाइन’ दिसलं की लोक सगळ्यात आधी ड्रायव्हर पुसतात, आणि दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. तो पत्त्यात असतो. म्हणून माझी एकच विनंती आहे: काहीही काढण्याआधी, पुसण्याआधी प्रिंटरचा पत्ता शोधा. पुढचं सगळं त्यावरून उलगडतं.

सुरुवात प्रिंटरच्या पानापासून

घरात कागदाची वाट साधी असते. एका टोकाला लॅपटॉप किंवा फोन, मधे राउटर, दुसऱ्या टोकाला प्रिंटर. या वाटेत इंटरनेट येत नाही. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागलाय, नेट बंद आहे, तरी घरातल्या घरात प्रिंट निघायला हवी. काही नव्या मॉडेलना कंपनीच्या खात्याशी जोडलेलं राहावं लागतं आणि त्यांना इंटरनेट लागतंच. ते घेतानाच दुकानात विचारून घ्यावं. बाकीच्यांच्या बाबतीत ‘नेट आलं की बघू’ म्हणून थांबायचं कारण नाही.

प्रिंटरला त्याचं नेटवर्कचं पान छापायला लावा. स्क्रीन असलेल्या मॉडेलवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा रिपोर्ट्स या भागात ते सापडतं. ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन’, ‘नेटवर्क स्टेटस शीट’, ‘वायरलेस रिपोर्ट’ अशी नावं असतात. स्क्रीन नसलेल्या इंकटँकवर बहुधा ‘आय’ अक्षराचं किंवा कागदाच्या चित्राचं बटण असतं, तर काहींवर दोन बटणं एकदम दाबावी लागतात. हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा सोबत आलेली पुस्तिका एकदा उघडाच.

पान हातात आलं की पेन घ्या आणि चार ठिकाणी गोल करा.

पहिला गोल नेटवर्कच्या नावाला. ते तुमच्या वायफायचंच नाव आहे का? राउटर बदलला असेल तर प्रिंटर अजून जुन्याच नावाच्या शोधात असतो. नाव ‘डायरेक्ट’ या शब्दानं सुरू होत असेल तर ते प्रिंटरचं स्वतःचं छोटं वायफाय आहे, घरचं नाही.

दुसरा गोल आयपी पत्त्याला. घरात तो साधारण १९२.१६८ ने सुरू होतो, क्वचित १० ने. सगळी शून्यं असतील तर प्रिंटर जोडलेलाच नाही. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नीट लक्ष द्या: प्रिंटरनं राउटरकडे पत्ता मागितला, तो मिळाला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक तात्पुरता घेतला. अशा पत्त्यावर त्याच्यापर्यंत घरातलं दुसरं कुणी सहसा पोचत नाही. राउटर आधी आणि प्रिंटर नंतर, या क्रमानं दोन्ही पुन्हा चालू केले की हे बहुतेक सुटतं.

तिसरा गोल सिग्नलला. तो डीबीएममध्ये दिलेला असेल तर आकडा उणे असतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ७० ला कुरबुरी सुरू होतात, उणे ८० ला प्रिंटर मधेच गायब होतो. आणि चौथा गोल मॅक पत्त्याला (अ‍ॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही), म्हणजे उपकरणाची ओळख असलेल्या दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांना. तो पुढे राउटरमध्ये लागणार आहे.

आता लॅपटॉपकडे या. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, इंग्रजीत ‘सीएमडी’ टाइप करा, एंटर. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत ‘पिंग’, एक जागा सोडून प्रिंटरचा पत्ता, एंटर. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतंय का ते बघणं. अ‍ॅपलच्या मॅकवर हेच टर्मिनलमध्ये. प्रत्येक ओळीत मिलिसेकंदांत उत्तर आलं तर वाट मोकळी आहे आणि दोष लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘अनरीचेबल’ आलं तर वाट मधेच कुठेतरी अडली आहे. पिंगनं दोन प्रकार वेगळे केले, आता आपापल्या प्रकाराकडे जायचं.

पिंग लागतोय, तरी ऑफलाइन

हाच काकांच्या घरचा प्रकार. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता भाड्यानं देतो, ठरावीक मुदतीसाठी. लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की काही राउटर ते वाटप विसरतात आणि जो आधी मागेल त्याला आधीचा नंबर देऊन टाकतात. प्रिंटरला नवा नंबर मिळतो, लॅपटॉपला ते कुणी कळवत नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, मग तुमचा प्रिंटर, त्यात ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’. वर ‘पोर्ट्स’ असा टॅब आहे. पोर्ट म्हणजे लॅपटॉप छपाईची कामं कुठे पाठवतो ती नोंद. ज्या ओळीला टिक आहे ती वाचा. तिथे जुना आयपी पत्ता असेल तर चूक डोळ्यांसमोरच आहे. ‘डब्ल्यूएसडी’ ने सुरू होणारं नाव असेल, तर विंडोजनं प्रिंटर आपोआप शोधून जोडला होता. ही पद्धत जोडताना सोपी आहे, पण प्रिंटर झोपून उठल्यावर किंवा राउटर बदलल्यावर ती वारंवार हरवते. माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक घरात मी ती बदलून टाकतो.

त्याच टॅबमध्ये ‘अ‍ॅड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, ‘न्यू पोर्ट’. पहिल्या चौकटीत पानावरचा पत्ता लिहा, पुढे पुढे जात पूर्ण करा. नव्या पोर्टला टिक लागली आहे ना बघा, ‘अप्लाय’ करा आणि ‘जनरल’ टॅबमधून चाचणीचं पान छापा.

पान छापलं जातंय, पण प्रिंटरच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ तसंच राहतंय, असंही होतं. तेव्हा पुन्हा पोर्ट्समध्ये जाऊन ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ही टिक काढा. विंडोज त्या मार्गानं प्रिंटरची खुशाली विचारत असतं. घरगुती प्रिंटरनं उत्तर दिलं नाही की तो बंद आहे असं धरून चालतं. एवढ्या एका टिकेपायी लोकांनी नवे प्रिंटर घेतलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

पोर्ट दुरुस्त केला, पण पुढच्या वेळी लाइट गेली तर पत्ता पुन्हा बदलणारच. तेव्हा हे काम इथे सोडू नका. राउटरला सांगून प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवा. काळ्या खिडकीत इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहिलं की ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर राउटरचा पत्ता दिसतो. तो ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या पाठीमागच्या स्टिकरवर असतात. आत ‘लॅन’ (घरातलं नेटवर्क) किंवा ‘डीएचसीपी’ (पत्त्यांचं वाटप) या भागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्वेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘मॅक बाइंडिंग’ असं काहीतरी असेल. तिथे पानावरचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी लिहून सेव्ह करा. राउटर आणि प्रिंटर एकदा बंद-चालू करा आणि पान पुन्हा छापून खात्री करून घ्या.

फायबरवाल्यानं दिलेल्या काही डब्यांत ही सोय दडवलेली असते. मग उलट्या बाजूनं जा: प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकलात तर त्याचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडतं. नेटवर्क, मग आयपीव्ही४ मध्ये ‘मॅन्युअल’ निवडा. पहिले तीन आकडे घरचेच ठेवा, शेवटचा असा घ्या जो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर आहे. राउटर २ ते २०० वाटत असेल तर २२० घ्या. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा. पट्ट्याच्या आतला नंबर घेतलात तर एखाद्या दिवशी तोच नंबर फोनलाही मिळेल आणि दोघांत मारामारी होईल.

ठरलेला पत्ता मार्करनं छोट्या कागदावर लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा. काकांच्या प्रिंटरवर तो आहे, आणि त्यानंतर एकदा सूनबाईंनी नवा लॅपटॉप त्या कागदावरून स्वतःच जोडला.

पिंग लागत नाही: एका घरात दोन राउटर

घोडबंदर रोडवर माझी मावसबहीण राहते. नवा टॉवर, मिवानचं बांधकाम, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. फायबरचा डबा दरवाज्याजवळ, आणि तिथलं वायफाय मागच्या बेडरूमपर्यंत पोचताना संपून जातं. म्हणून त्यांनी बेडरूममध्ये दुसरा राउटर बसवला, वायर ओढून. इथवर योग्यच. पण त्यानंतर मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टची प्रिंट हॉलमधून जायची आणि बेडरूममधून जायची नाही. ताई म्हणे, "प्रिंटरला हॉलच आवडतो की काय?"

दोन्ही फोनमधले पत्ते बघितले. हॉलमध्ये १९२.१६८.१.१५, बेडरूममध्ये १९२.१६८.०.१५. नवी मुंबईकरांना हे समजावणं मला सोपं जातं. सेक्टर १५ वाशीलाही आहे, बेलापूरलाही आहे, ऐरोलीलाही आहे. नुसता सेक्टर आणि प्लॉट सांगून कुरियर पोचत नाही, आधी नोड, म्हणजे वाशी की ऐरोली, सांगावा लागतो. आयपी पत्त्यातला तिसरा आकडा घरच्या नेटवर्कमध्ये त्या नोडसारखा समजा. तो वेगळा असला की शेवटचा आकडा सारखा असून उपयोग नाही. प्रिंटर आणि लॅपटॉप दोन वेगळ्या वसाहतींत राहतात.

यात एक बारकावा आहे आणि तो माणसाला फार चकवतो. आतल्या राउटरवरचं उपकरण बाहेरच्या नेटवर्कवरच्या प्रिंटरपर्यंत पत्ता हातानं टाकला तर पोचू शकतं, कारण आतून बाहेर जायची वाट उघडी असते. पण ‘प्रिंटर शोधा’ म्हटलं की तो सापडत नाही, कारण शोधाची हाक राउटर ओलांडत नाही. उलट, प्रिंटर आतल्या राउटरवर असला तर हॉलमधल्या फोनला तो ना सापडतो, ना पत्त्यावर मिळतो. त्यामुळे ‘लॅपटॉपवरून निघते, फोनवरून निघत नाही’ अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, घरात वायफायचे डबे किती?

उपाय एकच आणि कायमचा: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. मग तो फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटायचं काम पहिलाच डबा करतो आणि सगळं घर एका नोडमध्ये येतं. जुन्या राउटरमध्ये हा मोड नसेल तर त्याचा लॅन पत्ता पहिल्याच्या मालिकेतला, पण वेगळा करून घ्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि पहिल्याकडून आलेली वायर त्याच्या निळ्या ‘वॅन’ खाचेऐवजी ‘लॅन’ खाचेत लावा. बदल झाल्यावर प्रिंटर बंद-चालू करून पान पुन्हा छापा, पत्ता नवा मिळालेला असेल. ताईच्या घरी हे करायला अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं दुसऱ्या राउटरचा विसरलेला पासवर्ड शोधण्यात गेली.

तिसरा आकडा सारखा आहे आणि तरीही पिंग नाही? मग बघा, प्रिंटर किंवा फोन ‘गेस्ट’ वायफायवर तर नाही ना. पाहुण्यांच्या नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना दिसू नयेत असाच बंदोबस्त असतो. काही राउटरमध्ये मुख्य नेटवर्कलाही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ लावलेलं असतं. ते बंद करा.

प्रिंटरला वायफायचं नावच दिसत नाही

नवा राउटर आला आणि प्रिंटर जोडलाच जात नाही, हे दुसरं मोठं दुखणं. पुष्कळसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर मात्र २.४ आणि ५ असे दोन पट्टे देतो, तेही एकाच नावाखाली, आणि कुणाला कुठे बसवायचं हे स्वतः ठरवतो. या गोंधळात प्रिंटर जोडणीच्या वेळी अडकतो, विशेषतः अ‍ॅपवरून जोडताना, जेव्हा फोन ५ वर बसलेला असतो. राउटरमध्ये ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ बंद करून २.४ ला वेगळं नाव द्या. फोन त्या नावावर आणा, मोबाइल डेटा बंद करा, लोकेशन चालू करा आणि मग अ‍ॅपमधून जोडा. एकदा प्रिंटर जोडला गेला की लॅपटॉप ५ वर गेला तरी चालतं. दोन्ही पट्टे एकाच राउटरचे, नोड तोच.

राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा. सुरक्षा काढून वायफाय उघडं ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. निव्वळ डब्ल्यूपीए३ वर डब्ल्यूपीएस बटणानंही, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणाऱ्या बटणानंही, जोडणी होत नाही. ते बटण वापरायचंच असेल तर दोन्हीकडचं दोन मिनिटांच्या आत दाबावं लागतं.

आणखी एक गोष्ट, क्वचित आढळणारी, पण आढळली की दिवस खाणारी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचे १ ते १३ चॅनेल चालतात. काही प्रिंटरना ११ च्या पुढचं ऐकूच येत नाही. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि त्यानं १२ किंवा १३ निवडला, तर फोनला वायफाय दिसतं आणि प्रिंटरला दिसत नाही. चॅनेल हातानं १, ६ किंवा ११ वर ठेवा.

जागेचंही बघा. प्रिंटर लोखंडी कपाटाच्या मागे, मोठ्या आरशाशेजारी किंवा मायक्रोवेव्हच्या वर ठेवू नका. मायक्रोवेव्ह नेमका २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट करतो. सिडकोच्या जुन्या इमारतींत एक खोली पलीकडे ठेवलेला प्रिंटर सहसा चालून जातो. मिवानच्या घरात दोन भिंती ओलांडायला लावल्यात की पानावरचा सिग्नल उणे ७५ च्या खाली गेलेला दिसेल. प्रिंटरला इथरनेटची खाच असेल तर राउटरशेजारी ठेवून वायरनंच जोडा, मी तर घरी तेच केलंय. वायर लावल्यावर बऱ्याच मॉडेलचं वायफाय आपोआप बंद होतं, त्याला घाबरायचं नाही. वायरवरचा मॅक पत्ता वेगळा असतो, तेवढं राउटरमधलं आरक्षण नव्यानं करून घ्या.

लाइट जाऊन आल्यावर

क्रम पाळा. फायबरचा डबा सुरू होऊन स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. प्रिंटर त्याच्या आधी जागा होतो, पत्ता मागतो, कुणी देत नाही आणि मघाचं १६९.२५४ घेऊन बसतो. म्हणून लाइट आली की डबा आणि राउटर यांचे दिवे स्थिर होईपर्यंत प्रिंटर भिंतीवरच्या बटणानं बंद ठेवायचा, मग चालू करायचा, लॅपटॉप शेवटी.

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. पावसाळ्यातल्या सेकंदा-दोन सेकंदांच्या झटक्यांना तो पुरतो, आणि डबा बंदच न पडल्यामुळे पत्ते हलत नाहीत. मात्र लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. शाईची पूड कागदावर वितळवणारा त्यातला भाग तापताना एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस बसतो.

प्रिंटर रात्रभर ठीक असतो आणि सकाळी हरवलेला असतो, असं रोज होत असेल तर तो गाढ झोपेत वायफाय सोडतोय. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करा आणि झोपेची वेळ लांबवा. कंपनीच्या साइटवर फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं असेल तर तेही घाला, पण लाइट जाण्याची भीती नसलेल्या वेळी.

ऑफिसचा लॅपटॉप आणि विंडोजच्या खोडी

ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेटमधल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न हमखास: घरच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघते, ऑफिसच्या लॅपटॉपवरून नाही. कारण बहुतेक वेळा व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपला ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग. तो चालू असताना पुष्कळ कंपन्या सगळी ये-जा ऑफिसमार्गे वळवतात आणि घरातलं नेटवर्क बंद करून टाकतात. व्हीपीएन तोडून पिंग करून पाहा. लागला तर कारण कळलं. पुढचं मात्र ऑफिसच्या आयटी विभागाला विचारूनच करा. कंपनीचे कागद घरी छापायला परवानगी आहे का, हाही प्रश्न त्यात येतो.

स्वतःच्या लॅपटॉपवर वायफायच्या नावाच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ दाखवत असेल तर घरी ते ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर विंडोज घरातली उपकरणं शोधायलाच कचरतं. प्रिंटरच्या यादीत तुमच्या मॉडेलचं नाव दोनदा असेल, दुसऱ्यापुढे ‘कॉपी १’, तर चाचणीचं पान ज्यावरून निघतं तो ठेवा, दुसरा काढा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ ही सोय बंद करा. ती शेवटी वापरलेल्या प्रिंटरला मुख्य मानते आणि पीडीएफ केली की पुढची प्रिंट तिकडेच जाते. प्रिंटरच्या रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ ला चुकून टिक लागलेली असू शकते, तीही बघा.

रांगेत एखादं काम ‘डिलीटिंग’ म्हणत अडकून बसलं असेल तर विंडोजची कळ आणि आर, इंग्रजीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’, यादीत ‘प्रिंट स्पूलर’, स्टॉप. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, त्यातल्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली पुसा. फोल्डर ठेवायचा, आतल्या फायली जाऊ द्यायच्या. परत येऊन स्पूलर स्टार्ट.

मॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये प्रिंटर काढून पुन्हा जोडायचा, आणि जोडताना आयपीच्या टॅबमध्ये पत्ता हातानं द्यायचा. तिथे मला याहून जास्त काही करावं लागलेलं नाही.

फोनवरून

आयफोनला प्रिंटर एअरप्रिंटवाला हवा, म्हणजे अ‍ॅपलची वायफायवरून छापायची सोय असलेला. ही सोय २०१० पासून आहे, त्यामुळे अलीकडचे बहुतेक वायफाय प्रिंटर ती पाळतात. कंपनीचं अ‍ॅप वापरत असाल तर आयफोनच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी त्या अ‍ॅपला दिलेली आहे ना बघा. पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हटलं असेल तर अ‍ॅप कितीही वेळ शोधत राहतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटिंग’ शोधा, ‘डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस’ चालू करा. तिथे पत्ता हातानं घालून प्रिंटर जोडायचीही सोय असते. कुणाकडे गूगल क्लाउड प्रिंटच्या भरवशावर चालणारा जुना प्रिंटर असेल तर ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली आहे, त्यात आता वेळ घालवू नका.

घाई असेल, पाहुण्यांसमोर किंवा गाडी पकडायच्या आधी तिकीट छापायचं असेल, तर प्रिंटरच्या ‘डायरेक्ट’ वायफायला फोन जोडा आणि काम उरका. तेवढा वेळ फोनला घरचं नेट मिळणार नाही, म्हणून फाइल आधीच उतरवून घ्या आणि नंतर फोन घरच्या वायफायवर परत आणा.

सगळं करूनही जमत नसेल

यूएसबीची केबल लावा. केबलवर छापतोय, तर प्रिंटर आणि ड्रायव्हर दोन्ही धडधाकट आहेत आणि दोष नेटवर्कमध्येच आहे. केबलवरही छापत नसेल तर ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा टाकायची वेळ आली. त्यानंतरच प्रिंटरच्या मेन्यूतलं ‘रिस्टोअर नेटवर्क डिफॉल्ट्स’ वापरा. त्यानं वायफायचं नाव, पासवर्ड, हातानं दिलेला पत्ता सगळं पुसलं जातं, म्हणून आधी नेटवर्कचं पान छापून बाजूला ठेवा. राउटरवर टाचणीनं दाबायचं रीसेटचं छिद्र असतं, त्याला मात्र हात लावू नका. फायबरवाल्याची सेटिंगही त्यात जाते आणि मग माणूस येईपर्यंत घरभर नेट बंद.

आणि नेटची कंपनी बदलणार असाल तर माणूस नवा डबा लावायला येईल तेव्हाच त्याला सांगा, वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर जुनेच ठेवा, लहान-मोठ्या लिपीसकट. फोन, टीव्ही, प्रिंटर, सगळी जुनी मंडळी न विचारता आत येतात. फक्त नव्या डब्याचा तिसरा आकडा वेगळा असू शकतो, १ च्या जागी २९ असा. त्या दिवशी प्रिंटरचं पान पुन्हा एकदा छापायचं, प्रिंटरला हातानं दिलेला पत्ता असेल तर तो आणि लॅपटॉपमधला पोर्ट नव्या आकड्यावर आणायचे, राउटरमध्ये आरक्षण करायचं आणि प्रिंटरच्या बाजूला चिकटवलेला कागद बदलायचा.